खिळा, शिसे आणि शिरोरेषा

गेल्या उन्हाळ्यात माझी नात सुटीला घरी आली होती. ती मुंबईच्या एका कलाविद्यालयात पानांची आणि अक्षरांची मांडणी शिकते. दुपारी जेवणे आटोपली की ती आपला संगणक उघडून माझ्या टेबलापाशी बसे आणि मी सुपारी कातरीत तिच्या वहीत डोकावत असे. एके दिवशी वहीत शब्दांची एक मोठी रांगच दिसली : फाँट, पॉइंट, पायका, लेडिंग, कर्निंग, जस्टिफाय, लिगेचर. परीक्षेसाठी ते ती पाठ करीत होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “लेडिंग म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, हे पाठ झालं. पण अंतराला लेडिंग का म्हणायचं, हे कुणी सांगत नाही.”

मी उठलो. कपाटातल्या जुन्या डब्यातून राखी रंगाची एक पातळ पट्टी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. पट्टी बोटभर लांब, पण वजनाला चांगली जड. “हे घे तुझं लेडिंग,” मी म्हणालो. ‘लेड’ म्हणजे शिसे. दोन ओळींमध्ये शिशाची अशी पट्टी घातली की ओळी एकमेकींपासून सुटत. पट्टी जितकी जाड तितकी ओळींत हवा जास्त. आज पडद्यावर एक आकडा बदलला की ओळी आपोआप सरकतात, आणि आता तो आकडा एका ओळीच्या पायापासून दुसऱ्या ओळीच्या पायापर्यंत मोजतात. शिसे गेले, त्याचे नाव तेवढे राहिले.

नातीने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “मग बाकीचे शब्दही असेच आहेत?”

बाकीचेही असेच आहेत. तिला जे चारपाच दुपारींत सांगितले तेच येथे मांडतो. त्यात आपल्या मराठी अक्षराची एक मोठी हकिकत आहे, आणि शेवटी माझी स्वतःची एक लहानशी चूकही आहे.

मुद्रणापूर्वीपासून सुरुवात करू. ज्यांच्या घरी जुनी हस्तलिखित पोथी असेल त्यांनी या दिवाळीत ती जरा बाहेर काढून पाहावी. आडवी लांबट पाने, मध्ये काळ्या शाईच्या घट्ट ओळी आणि चहूबाजूंनी सोडलेली कोरी जागा. या कोऱ्या जागेला आपल्या लेखकांनी ‘समास’ म्हटले. व्याकरणातला समास शब्द जोडतो. पानावरचा समास मजकुराला कडेपासून दूर ठेवतो, आणि पान उलटणाऱ्या अंगठ्याला जागा देतो. पानाची मांडणी ही काही परदेशातून आलेली विद्या नव्हे, हे त्या एका शब्दावरून कळावे. त्या पानाचा लांबट आकारही ताडपत्रावरून आलेला. पुढे कागद आला, छापखाना आला, तरी निर्णयसागरने पोथ्या छापल्या त्या त्याच आडव्या आकारात; कारण वाचणाऱ्याच्या मांडीला आणि चौरंगाला तोच आकार सवयीचा होता.

अक्षरांचे वळणही हत्याराने ठरवले. आपला बोरू तिरपा कापलेला असे. टोक ज्या दिशेला फिरेल त्याप्रमाणे रेघ कुठे जाड, कुठे बारीक येई. ‘क’च्या दांड्याची जाडी आणि पोटाच्या वळणाचा बारकावा यांत जी लय दिसते ती बोरूच्या कापाची. रोमन अक्षरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या टोकांना जे लहान पाय फुटलेले दिसतात त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात; प्राचीन रोमच्या शिलालेखांवर तशी अक्षरे आजही पाहायला मिळतात. ती अक्षरे जमिनीवर उभी राहतात. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. हा एक भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढच्या साडेतीनशे वर्षांतल्या बहुतेक अडचणी याच एका भेदातून निघाल्या आहेत.

आता खिळ्याकडे वळू. जर्मनीत माइन्झ गावी योहान गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापून पुरे केले. त्याने नुसते यंत्र केले नाही; सुटे अक्षर ओतण्याची रीत घालून दिली. ती रीत अशी. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा झाला पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. त्यात अक्षराचा खळगा उमटतो, त्याला मातृका म्हणतात. मातृका साच्याच्या तळाशी बसवून वरून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा. थंड झाला की हातात येतो तो खिळा. शिसे लवकर वितळते, पण मऊ असते. अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो. एका मातृकेतून हजारो खिळे निघत, आणि सारे एकसारखे.

खिळ्याच्या डोक्यावर जो उंच अक्षराचा भाग असतो तो ‘फेस’, म्हणजे चेहरा. ज्या दांड्यावर तो उभा असतो ते ‘बॉडी’, म्हणजे अंग. एका मापाच्या, एका चेहऱ्याच्या सर्व अक्षरांचा ओतलेला संच म्हणजे फाँट. या शब्दाच्या मुळाशी ओतण्याचीच क्रिया आहे. आपण आज ‘बारा पॉइंटचा फाँट’ म्हणतो तेव्हा ते माप चेहऱ्याचे नसून अंगाचे असते. म्हणून दोन वेगवेगळे फाँट बारा पॉइंटचे असूनही एक मोठा आणि एक लहान दिसतो. नातीला हे कोडे बरेच दिवस सुटत नव्हते. पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग. बारा पॉइंटांचा एक पायका. सहा पायका म्हणजे जवळजवळ एक इंच. अमेरिकेतल्या ओतशाळांनी १८८६ मध्ये हे माप एकमताने स्वीकारले. त्याआधी प्रत्येक ओतशाळेचे माप निराळे असे, आणि एकाचे खिळे दुसऱ्याच्या खिळ्यांशेजारी बसत नसत.

इंग्रजी कंपॉझिटरसमोर खिळ्यांच्या दोन पेट्या एकावर एक तिरप्या मांडलेल्या असत. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरे, खालच्या केसमध्ये लहान. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ हे शब्द तेथलेच. दोन्ही मिळून दीडशेच्या आसपास खण, आणि माणूस जागचा न हलता ओळ जुळवी. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नाहीत, हे खरे. पण काना आहे, मात्रा आहे, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार आहेत, आणि त्यांवर जोडाक्षरांची सेना आहे. दोन अक्षरे मिळून जो एक आकार होतो त्याला इंग्रजी मुद्रक ‘लिगेचर’ म्हणतात. त्यांच्याकडे असे आकार बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे क्ष, त्र, ज्ञ, द्ध, ह्म, श्च, ष्ट्र असे कितीतरी. सगळा हिशेब केला म्हणजे नागरीचा संच चारशे-पाचशे खिळ्यांवर जाई.

मराठी छापण्याची इच्छा मराठी खिळ्यांच्या फार आधीची आहे. गोव्यात १५५६ मध्ये मुद्रणयंत्र आले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ओव्या मराठी, वळण संतकवींचे. परंतु अक्षरे मात्र रोमन. मराठी भाषा परक्या लिपीचा अंगरखा घालून छापखान्यात शिरली ती अशी.

पुढे सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी आपल्या लिपीत ग्रंथ छापावेत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला. रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेच हे वर्ष. पण हिल्स छापणारा होता. खिळे कोरणारा आणि ओतणारा नव्हता. यंत्र होते, कागद होता, पैसा होता. पंच कोरणारा हात तेवढा नव्हता. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १८०५ साली, मिरजेस एका कारागिराने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली. पण ते अख्खे पान कोरणे झाले. गीतेचे पान गीतेलाच उपयोगी; त्यातला ‘क’ काढून दुसरीकडे वापरता येत नाही. खिळ्याचे मर्म त्याच्या सुटेपणात आहे.

आणि त्याच १८०५ मध्ये बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनी छापून निघाले. केरीला मराठी शिकवण्यात पंडित वैजनाथ यांचे साह्य होते. खिळ्यांचे श्रेय मात्र पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराकडे आणि त्याने तयार केलेल्या माणसांकडे जाते. १७७८ साली हुगळीस बंगाली व्याकरण छापले गेले तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने ही विद्या शिकून घेतली होती. कर्मकार म्हणजे लोहार. लोखंडावर चालणारा वंशपरंपरेचा हात येथे उपयोगी पडला. १८१० साली केरीचा मराठी कोश निघाला तो चक्क मोडी खिळ्यांत. मोडी ही न थांबता धावणारी लिपी. तिचे सुटे तुकडे करून पुन्हा जोडणे हे वाहत्या पाण्याचे चौकोन कापण्यासारखेच अवघड. तरीही ते त्यांनी केले.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ साली पहिली मराठी पुस्तिका निघाली. १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी, अशी मांडणी असे. रकाना म्हणजे आजच्या भाषेत कॉलम. दोन भाषा एका पानावर शेजारीशेजारी बसवायच्या तर उभ्या राहणाऱ्या अक्षरांची ओळ आणि टांगलेल्या अक्षरांची ओळ समोरासमोर आणावी लागते. द्वैभाषिक पाटी रंगविणारा पेंटर आजही याच कोड्यापाशी अडतो.

याच सुमारास गणपत कृष्णाजींनी निराळी वाट काढली. आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळामुद्रण शोधून काढले होते. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे आणि दगड ओला करायचा. पाणी तेलाला दूर सारते, म्हणून छपाईची शाई फक्त लिहिलेल्या जागी धरते. येथे खिळे नकोत की मातृका नकोत. सुंदर हस्ताक्षराचा लेखक असला म्हणजे झाले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पंचांगाला शिवायला तयार नव्हती. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. नागरीला शिळाछाप मानवला यात नवल नाही. बोरूचे वळण तेथे जसेच्या तसे उतरे आणि जोडाक्षराला कुणी आडकाठी करीत नसे. पण दगडावरून काही प्रती निघाल्या की अक्षर फुगे, आणि दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागे. शेवटी खिळ्यालाच शरण जाणे भाग होते, आणि गणपत कृष्णाजीही पुढे खिळ्यांकडे वळले.

मुंबईच्या खिळ्यांना रूप दिले ते मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहमने. १८३० नंतरच्या दशकात त्याने नागरी खिळे पाडण्याचे काम हाती घेतले. त्याच छापखान्यात पुढे दहा वर्षांचा एक मुलगा महिना दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला लागला. ओतून निघालेल्या खिळ्यांच्या कडा घासून साफ करायच्या, एवढेच त्याचे काम. तो मुलगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा घातली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. पंच कोरण्यात त्यांना साथ होती राणोजी रावजी आरू यांची. १८८६ पासून निर्णयसागरची ‘काव्यमाला’ निघू लागली आणि संस्कृत ग्रंथ वाचणाऱ्या पंडितांच्या घरोघर ही मुंबईची अक्षरे पोहोचली. जावजींनी १८९२ साली देह ठेवला. त्यांचे चरित्र शाळेच्या पुस्तकांत असावे असे मला फार वाटते. दोन रुपयांच्या पोराने अक्षरे घासता घासता ती ओळखली, एवढेच त्यात सांगण्यासारखे आहे. पण ते पुष्कळ आहे.

नागरी खिळ्यांच्या दोन रीती होत्या. एका रीतीत काना-मात्रांचे काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावत आणि शेजारच्या अक्षरावर ओठंगत. इंग्रजी ‘एफ’च्या डोक्याचा आकडा असाच बाहेर येई. अंगाबाहेर आलेल्या या भागाला ‘कर्न’ म्हणतात. तो नाजूक असे आणि चटकन मोडे. आज दोन अक्षरांमधले अंतर डोळ्यांना बरे दिसेल असे कमीजास्त करण्याला जे ‘कर्निंग’ म्हणतात ते या शब्दावरून. दुसरी रीत मुंबईकडे रूढ झाली; तिला डिग्री टाइप म्हणत. तीत ओळीचे तीन मजले असत : मधल्या मजल्यावर अक्षरे, वर मात्रा, रफार, अनुस्वार यांचे चिमुकले खिळे, खाली उकारांचे. खिळ्यांची संख्या कमी होई, पण छापील एक ओळ जुळवताना कंपॉझिटरला खरे तर तीन ओळी जुळवाव्या लागत. जेथे वर मात्रा नाही तेथेही कोरा तुकडा बसवावाच लागे. पोकळी ठेवून चालत नसे.

या पोकळीपाशीच माझी गोष्ट येते.

१९६४ च्या सुमारास मी पुण्याच्या एका पेठेतल्या छापखान्यात मुद्रिते तपासायला लागलो. नुकता पदवीधर झालेला, व्याकरणाचा अभिमान डोक्यात गेलेला. आमच्याकडे एक वयस्क कंपॉझिटर होते. सगळे त्यांना नुसते काका म्हणत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवरून फिरतोय, आणि दृष्टी हस्तलिखितावर. केसकडे ते बघतसुद्धा नसत. खिळे उलटे असत, तरी ते आमच्यापेक्षा भरभर वाचीत.

ओळ जुळवली की ती स्टिकच्या मापात घट्ट बसवायची. शब्दांमध्ये कोरे तुकडे कमीजास्त घालून दोन्ही कडा सारख्या करायच्या. यालाच ‘जस्टिफाय’ करणे म्हणतात. पडद्यावर आज ती नुसती दिसण्याची बाब आहे. शिशाच्या काळात ती टिकण्याचीही बाब होती. ओळ ढिली राहिली तर फर्म्यात खिळे हलत, आणि शाईचा चिकट रूळ फिरता फिरता एखादा बारीक खिळा उपटून नेई.

लग्नसराईचे दिवस होते. पाचशे निमंत्रणपत्रिकांचे काम होते. कार्ड गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिलेले, आणि पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी हव्या होत्या. फर्मा आवळायला घेतला तेव्हा माझी नजर ‘मंगल कार्य योजण्यात आले आहे’ या ओळीवर गेली. हे कर्मणीचे लोढणे मला खपेना. मी ते ‘योजिले आहे’ असे करायला लावले. काका म्हणाले, “ओळ ढिली झाली रे. जरा थांब, पुन्हा कसतो.” ट्रेडलवरचा माणूस खोळंबला होता. मी म्हणालो, “चालेल काका, फर्मा आवळला की बसेल.” काकांनी माझ्याकडे एकदा पाहिले, एक तुकडा घातला आणि फर्मा सोडला.

पाचशे पत्रिका छापून झाल्यावर मालकांनी एक उचलून पाहिली. तीवर ‘मगल कार्य’ छापलेले होते. पहिल्या दोनशेंवर अनुस्वार होता. पुढच्या तीनशेंवर नव्हता. वरच्या मजल्यावरचा तो मोहरीएवढा ठिपका रुळाबरोबर गेला होता. नवीन कार्ड मिळणे शक्य नव्हते. मालक काकांवर भडकले. इतक्या वर्षांच्या माणसाने ओळ ढिली सोडावी याबद्दल पुष्कळ बोलले, आणि त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. काका काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बोलायला हवे होते ते मी.

त्या रात्री काका घरी गेले नाहीत. बारीक टाकाचे निब आणि छपाईची पातळ केलेली शाई घेऊन त्यांनी तीनशे पत्रिकांवर तीनशे अनुस्वार हाताने दिले. मी शेजारी बसून पत्रिका पुढे सरकवीत होतो आणि वाळत घालीत होतो. छापील ठिपका कोणता आणि काकांचा कोणता, हे सकाळी आम्हांलाही ओळखता येईना. उजाडता उजाडता ते एवढेच म्हणाले, “उद्यापासून ओळ मी सांगेन तेव्हाच सुटेल.” त्यानंतर ओळ त्यांनी सांगितल्यावाचून कधी सुटली नाही. मालकांना मात्र मी खरे कधीच सांगितले नाही. ते लिहिण्याची जागा आज साठ वर्षांनी मिळते आहे.

आता पुन्हा इतिहासाकडे. खिळ्यांचे हे ओझे हलके करावे हा विचार थोरामोठ्यांच्याही मनात होता. ‘केसरी’ चालविणाऱ्या लोकमान्यांना तो केवळ शास्त्रार्थ नव्हता. अंक वेळेवर निघण्याचा प्रश्न होता. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नागरी खिळ्यांचा बारकाईने अभ्यास करून त्यांची संख्या एकशे नव्वदच्या आसपास आणण्याचा आराखडा केला. १९०५ साली काशीस त्यांनी साऱ्या देशाला एक लिपी म्हणून नागरीचा पुरस्कार केला, त्यामागेही छापण्याच्या सोयीचा विचार होता.

दरम्यान अमेरिकेत १८८६ साली लायनोटाइप यंत्र आले. कळा दाबल्या की अख्खी ओळ एकसंध ओतून बाहेर पडे. त्याला कळा नव्वद. आपले आकार चारशे. हरी गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये खटपट करून १९३० नंतरच्या दशकात नागरी त्या यंत्रावर बसविली. पण त्यासाठी जोडाक्षरांना कात्री लावणे प्राप्त झाले. टंकलेखन यंत्राच्या कळा तर आणखी कमी. येथून एक मोठा वाद उभा राहिला : यंत्राने लिपीप्रमाणे वागावे, की लिपीने यंत्राप्रमाणे? सावरकरांनी रत्नागिरीच्या काळात लिपिशुद्धीची चळवळ केली. ‘इ, ई, उ’ ही अक्षरे सोडून ‘अि, अी, अु’ असे लिहावे, म्हणजे खिळे वाचतील, हे तिचे एक कलम. ज्यांनी त्या काळची मासिके पाहिली आहेत त्यांना ‘अितिहास’ हे रूप आठवेल. १९५३ साली लखनौच्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यावी असे ठरविले. ती सूचना चालली नाही. शाळकरी मुलाला ऱ्हस्व-दीर्घ आधीच छळतात. त्यात दोन्ही वेलांट्या एकाच बाजूला आल्या असत्या!

या मंडळींना हसणे सोपे आहे. मला मात्र हसू येत नाही. स्वस्त पुस्तक, वेळेवर निघणारे वर्तमानपत्र आणि खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचणारा छापील कागद यांसाठी त्यांची ही धडपड होती. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा आमच्या काकांनी केसमधला अनुस्वारांचा खण निम्मा रिकामा केला. पंडितांनी त्यावर काय लिहिले ते मला आठवत नाही. पण रात्रपाळी तासाभराने लवकर सुटू लागली, हे काका आवर्जून सांगत.

खिळ्याला जे जमत नव्हते ते कुंचल्याने करून दाखविले, आणि त्याचे घर म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा फराळ सुरू आहे. मोठ्या मापाचे, नखऱ्याचे नागरी खिळे फारसे मिळत नसत. म्हणून कथेचे शीर्षक चित्रकार हाताने काढी, त्याचा जस्ताचा ब्लॉक करीत आणि तो खिळ्यांच्या मध्ये बसवीत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे ज्यांनी भिंतीवर लावली त्यांना वेगळे सांगायला नको. पुढे कमल शेडगे यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली की नावातच नाटकाचा स्वभाव दिसावा. ‘लेटरिंग’ आणि ‘टाइप’ यांतला फरक नातीला मी असा सांगितला : लेटरिंग म्हणजे एका मुलीच्या मापाने शिवलेले परकर-पोलके, टाइप म्हणजे कोणत्याही शब्दाच्या अंगाला यावा असा कपडा.

मग संगणक आला आणि जुन्या वादाचा निकाल लागला. संगणकाला कळा मोजक्याच. पण त्याच्या पोटात आकार हजारो मावतात. ‘क’, हलन्त, ‘ष’ असे ओळीने दिले की कोणता आकार काढायचा हे फाँटमधले नियम ठरवितात. कात्री लागलेली जोडाक्षरे परत आली. ‘अि’ची गरज उरली नाही. यंत्रच अखेर लिपीकडे आले. लिपीला तिकडे जावे लागले नाही. मात्र नवी अडचण अशी की पुष्कळ फाँट हिंदीच्या वळणाचे असतात. त्यांतला ‘ल’ आणि ‘श’ आपल्या कित्त्यातला नसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या तरुण मंडळींनी ‘मुक्ता’, ‘बलू’ असे देखणे फाँट सर्वांसाठी खुले केले आहेत, ही आनंदाची गोष्ट. नातीला मी एक जुना नियमही सांगून ठेवला आहे : रोमन अक्षरे शोभेसाठी एकमेकांपासून दूर सारली तरी चालतात, नागरी सारशील तर शिरोरेषा तुटेल आणि शब्द विखुरतील.

सुटी संपताना तिने मला आपल्या आतेभावाच्या लग्नाची पत्रिका पडद्यावर दाखविली. मजकूर तिनेच मांडला होता. समास ऐसपैस, ओळींत भरपूर हवा. मी विचारले, “हा फाँट कोणता?” ती म्हणाली, “साधाच आहे आजोबा, संगणकाबरोबर आलेला. र. कृ. जोशींनी केलेला. त्याचं नाव ‘मंगल’.”

मी क्षणभर गप्प राहिलो. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे नाव मला ठाऊक होते. फाँटचे हे नाव कानावर पडले नव्हते. मी तिला ती ओळ मोठी करून दाखवायला सांगितले. ‘म’च्या माथ्यावर अनुस्वार आपल्या जागी, गोल आणि काळा, नीट बसलेला होता. तो रुळाबरोबर जाण्याची आता भीती नाही.

तरीही मी तिला म्हटले, “छापायला देण्यापूर्वी मला एकदा दाखव. आणि शेवटच्या क्षणी कुणी शब्द बदलायला सांगितला, तर आधी ओळ कशी बसते ते बघ.”

शिशाची ती पट्टी ती मुंबईला घेऊन गेली आहे. वहीत खूण म्हणून ठेवते, असे कळविले आहे.